कुंडीतल्या लिंबाला फुलं येतात, पण सगळी गळतात आणि पानं पिवळी पडतात. खत वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की कागदी लिंबाचं कलम तीन वर्षांचं आहे, गच्चीवर १२ इंची कुंडीत आहे, बोअरचं पाणी रोज संध्याकाळी घालता, आणि दर महिन्याला शेणखत व अंड्याची टरफलं देता. तरी नवी पानं पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, आणि फुलं आठवड्यात गळतात.

खत वाढवू नका. झाड उपाशी नाही, मातीत असलेलं त्याला घेता येत नाहीये.

शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसणं, ही लोहाच्या कमतरतेची खूण. नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं सरसकट पिवळी झाली असती. मॅग्नेशियम कमी असतं तर जुन्या पानाच्या देठाजवळ हिरवा त्रिकोण उरून बाकीचं पान पिवळं पडलं असतं. जस्ताच्या कमतरतेत नवी पानं लहान, अरुंद निघतात आणि शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे दिसतात. लोह आणि जस्त पुष्कळदा जोडीनेच कमी पडतात.

मातीत लोह बहुधा असतंच. पण लिंबाला साधारण ५.५ ते ७ पीएचची (म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापाची) माती लागते, आणि बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर ते दर वेळी कुंडीत थोडा चुना सोडतं. पीएच साडेसातच्या वर गेला की लोह मुळांना उचलता येत नाही. त्यात अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच प्रकार. तुमच्या कुंडीत ती आजच बंद करा. खात्री करायची असेल तर कुंडीतली चमचाभर माती वाळवून तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी साठली आहे. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसते का, तेही बघा.

दुसरी अडचण कुंडीची. १२ इंची कुंडीत तीन वर्षांत मुळं गोल गोल फिरून गच्च होतात. उन्हात अशी कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि संध्याकाळी पाण्याने भरते. फुलं गळण्याचं मुख्य कारण हे कोरडं-ओलं-कोरडं चक्र. काही फुलं गळणारच, लिंबात बहुतेक फुलं गळतात आणि मोजकीच धरतात. पण एकही फळ हरभऱ्याएवढं होत नसेल तर पाण्याकडेच बघायचं. परागीभवनासाठी ब्रशने फुलं चोळण्याची गरज नाही. लिंबू स्वतःच्या परागावर धरतं.

कुंडी बदलायला जूनमधले पहिले पाऊस पडून गेल्यावरचा काळ उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात किंवा भर फुलोऱ्यात हात लावू नका. १८ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग घ्या. माती सध्याच्या तिपटीहून जास्त बसेल आणि ओल टिकेल. भरल्यावर ती जड होते, म्हणून गच्चीवर भिंतीलगत, बीमवर आणि तीन विटांवर ठेवा. तळाला हवा लागते आणि तापलेल्या स्लॅबची धग मुळांना बसत नाही.

मिश्रण असं: ४ पाट्या लाल किंवा पोयट्याची माती, ३ पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत, २ पाट्या भिजवून धुतलेलं कोकोपीट, १ पाटी जाड वाळू आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती नको. ती ओली असताना घट्ट बसते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. बारीक वाळूही नको, ती मातीच्या पोकळ्या बुजवते. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालण्याची जुनी सवय सोडा. त्याने निचरा वाढत नाही, फक्त ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर एकेक खापरी पुरते.

झाड काढल्यावर मुळांच्या गोळ्याच्या तळाचा दीड इंच भाग कापा आणि कडेच्या फिरलेल्या मुळांना चार बाजूंनी उभे छेद द्या. वरून एक चतुर्थांश फांद्या कमी करा, नाहीतर कमी मुळांवर जास्त पानांचा भार पडतो. कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे. मातीत गेला तर डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) वाट मिळते. सांध्याच्या खालून फुटणारे पानसोट लगेच काढा. तो जंबेरी किंवा रंगपूर खुंटाचा (ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा) फुटवा असतो, त्याला तुमचं लिंबू लागणार नाही. मग तळातून पाणी निघेपर्यंत भिजवा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, महिनाभर खत नको.

जूनपर्यंत थांबावं लागणार असेल तर मधल्या काळात पानांवर लोहाची फवारणी करा: ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) १ लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचंच आणा, कारण चुनखडीच्या मातीत तेच टिकतं. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. गुण आला की नाही ते नव्या फुटीवर ठरवा. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर लिंबासाठी राखून ठेवा.

पाणी ठरावीक वेळापत्रकाने न देता बोट घालून द्या. वरचे दोन इंच कोरडे असतील तर सकाळी, तळातून बाहेर येईपर्यंत. कडक उन्हाळ्यात हे रोजचं होईल, थंडीत तीन-चार दिवसांनी. खाली ताटली ठेवू नका. फळ मोठं होत असताना कुंडी सुकवून मग एकदम भरपूर पाणी दिलं की साल तडकते.

कुंडी बदलल्यावर महिन्याने खत सुरू करा: दर महिन्याला दोन मुठी गांडूळ खत, आणि वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीतच. कळ्या दिसल्या की नत्र आवरतं घ्या, नाहीतर पालवीच जोर धरते. किमान सहा तास थेट ऊन हवंच.

नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. हाताने वेचा, फवारणीची गरज नाही. पानांत चंदेरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी, तिला पालवी फुटतानाच १५०० पीपीएमचं नीमतेल लिटरला ५ मिली द्या. पावसाळ्यात पानांवर व फळांवर खडबडीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी कडा दिसली तर तो खैऱ्या रोग. रोगट काड्या कापून जाळा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम फवारा, पण फुलं उमलली असताना कुठलंच औषध नको.