आईला तिची झोपेची गोळी कशी समजावू?

तुमची आई ७२ वर्षांची. अकरा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलम घेते, ‘बीपीबरोबरची साधी गोळी आहे’ म्हणते आणि परवा रात्री बाथरूमला जाताना पडली. तिला समजवायचं कसं आणि गोळी बंद कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

आधी बंद करण्याचं सांगतो. आज रात्रीपासून गोळी काढून घेऊ नका. इतकी वर्षं चाललेली गोळी एकदम तोडली तर जीव घाबरा होतो, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. ती पडल्याचं मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २१ वर्षं मेडिकल चालवतोय. अशा आज्या-आजोबा रोज भेटतात, आणि त्यांना समजत नाही असं मला कधीच वाटलं नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. नवरा गेला, ऑपरेशन झालं, तेव्हा ‘पंधरा दिवस घ्या’ म्हणून लिहून दिलेली गोळी बीपी-शुगरच्या यादीत जाऊन बसते. पुढची प्रत्येक चिठ्ठी मागची बघून लिहिली जाते. या गोळ्या २०१४ पासून एच-१ यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या आणि वेगळी नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत. आम्ही रजिस्टरला डॉक्टर, पेशंट, औषध, संख्या सगळं लिहितो आणि ते तीन वर्षं जपतो. पण ‘आजी, ही कशाची गोळी?’ हे बरीच वर्षं मीही विचारत नव्हतो.

विचारायला लागल्यावर एका आजींनी पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. पाच गोळ्यांचा कापलेला तुकडा, नाव छापलेली बाजू आधीच कापून गेलेली. “ही व्हय? गॅसची हाय.” ती क्लोरडायझेपॉक्साइड आणि क्लिडिनियमची गोळी होती, पोटासाठीच दिलेली. पण त्यातलं पहिलं औषध अल्प्राझोलमच्याच घराण्यातलं. आणि रात्रीची क्लोनाझेपाम वेगळी चालूच होती. म्हणजे आजी एकाच जातीची दोन औषधं घेत होत्या आणि त्यांना एकाचीही ओळख नव्हती.

तेव्हा आईला ‘तुला सवय लागलीय’ असं म्हणू नका. त्या पिढीला तो आरोप वाटतो, दारूड्याच्या रांगेत बसवल्यासारखा. आधी विचारा: ही कशासाठी, कधी सुरू झाली, नाही घेतली तर काय होतं? ती म्हणेल, ‘एकदा संपली होती, रात्रभर डोळा लागला नाही.’ तिच्या दृष्टीने तोच पुरावा, की गोळी गरजेची आहे. हीच गाठ सोडवायची आहे. सवयीचं औषध अचानक चुकलं की झोप उडतेच. ती रात्र मूळ आजाराची नव्हे, गोळी तुटल्याची असते. हे शांतपणे सांगितलं तर बहुतेकांना पटतं. वयाबरोबर शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं, म्हणून रात्रीची गोळी पहाटे तोल घालवते, हे तर ती स्वतः पडल्यामुळे तिला लगेच उमगेल.

कॅनडात क्वेबेकमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांना हेच साध्या भाषेत छापून घरी पाठवलं होतं. गोळी हळूहळू कशी कमी करायची तेही त्यात होतं. निकाल २०१४ साली आला: सहा महिन्यांत २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली, पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्के.

डॉक्टरांकडे जाताना सगळा डबा घेऊन जा आणि ‘गोळी टप्प्याटप्प्याने कमी करायची आहे’ असं स्पष्ट म्हणा. याला महिने लागतात. आई नऊला झोपून तीनला उठत असेल तर तिची सहा तास झोप झालेली असते, हेही तिला मोजून दाखवा. दुपारची डुलकी आणि संध्याकाळचा चहा कमी करा.

त्या आजींची गॅसची गोळी डॉक्टरांनी आधी हळूहळू कमी करत थांबवली, मग रात्रीची कमी करायला घेतली. आठ महिने झाले, सध्या पाव गोळीवर आहेत. ती त्या स्वतः सुरीने कापतात, आणि आता नाव छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवायला सांगतात.