नोंदवहीतील कोरी पाने

"वजन कमी होते, पण टिकत नाही; माझ्यात मनोनिग्रहच नाही." स्थूलतेसाठी समुपदेशनाला येणाऱ्या प्रौढ व्यक्तींकडून मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कोणत्या क्षणी येणार याचाही आता अंदाज येतो. बोलणाऱ्याने स्वतःवर खटला चालवून निकालही देऊन टाकलेला असतो; माझ्याकडे तो केवळ शिक्षा ठरवून घ्यायला आलेला असतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून अशाच एका गृहस्थांविषयी लिहीत आहे.

वय पंचेचाळीसच्या आसपास, वजन १०२ किलो, रक्तदाबाची गोळी चालू. दहा वर्षांत तीन वेळा दहा-बारा किलो उतरवलेले आणि तिन्ही वेळा ते परत आलेले. डॉक्टरांनी थायरॉइड, रक्तशर्करा आणि चालू औषधे तपासून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. ही तपासणी झाल्याखेरीज मी पुढे जात नाही, कारण स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसोपचारातील काही औषधे वजन वाढवतात, आणि अशा रुग्णाला आहाराविषयी चार शब्द सुनावणे हा शुद्ध अन्याय ठरतो.

आहाराची नोंदवही त्यांनी सोबत आणली होती. अक्षर सुरेख, प्रत्येक खाण्याची वेळ लिहिलेली, अर्धी वाटी आणि पाव वाटी यांतला फरकही नोंदलेला. मात्र मध्येच तीन-चार पाने कोरी, आणि त्यानंतरचा सोमवार नव्या उत्साहाने लाल शाईत अधोरेखित केलेला. वही पुढे चाळली तर तोच क्रम पुन्हा दिसत होता.

"ही पाने राहून गेली का?" मी विचारले.

"ते दिवस लिहिण्यासारखे नव्हते, मॅडम."

नोंदवही हाती आली की भरलेल्या पानांआधी कोरी पाने पाहायची, ही माझी जुनी सवय आहे आणि तिने मला क्वचितच दगा दिला आहे. मी त्यांना आहारात काहीही बदलू नका असे सांगितले. एवढेच करा, की जे दिवस लिहिण्यासारखे वाटत नाहीत तेच लिहा, आणि खाण्याआधी मनात आलेले वाक्यही त्याच पानावर उतरवा.

पुढच्या भेटीत ती पाने भरलेली होती. गुरुवारी रात्री सहकाऱ्यांबरोबर भरपेट जेवण झाले होते. शुक्रवारी सकाळची नोंद अशी होती: "वजन १०३.६. सगळे संपले. आता सोमवारपासूनच." त्यानंतर शुक्रवार, शनिवार आणि रविवार अक्षरशः बेबंद गेले होते. आम्ही ढोबळ हिशेब मांडला. गुरुवारचे जेवण नेहमीपेक्षा सुमारे १,२०० कॅलरींनी जास्त होते, तर पुढच्या तीन दिवसांची मिळून जास्तीची बेरीज ४,००० च्या पुढे गेली. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. त्या हिशेबाने गुरुवारच्या जेवणाने फार तर दीडशे ग्रॅमची भर पडू शकत होती. काट्यावर वाढलेले बाकीचे वजन पोटातल्या अन्नाचे आणि मिठामुळे शरीरात साठलेल्या पाण्याचे होते.

ते बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मला त्या जेवणाने बुडवले नाही, त्या काट्याने बुडवले?"

"काटा पाहून तुम्ही जे वाक्य लिहिलेत, त्याने."

माझा कल आधीपासून या बाजूचा आहे: माणूस काय खातो यापेक्षा खाऊन झाल्यावर तो स्वतःशी काय बोलतो, याकडे मी अधिक लक्ष देते. "सगळे संपले" या निर्णयानंतर आवरण्यासारखे काही उरतच नाही, आणि जी व्यक्ती नियमांबाबत जितकी कडक, तितकी ती त्या निर्णयापर्यंत लवकर पोहोचते. त्यामुळे त्यांच्यासाठी एकच नियम ठरवला. जास्त खाल्ले गेले तर पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढेच घ्यायचे. प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहायचे नाही आणि सोमवारची वाट पाहायची नाही. वजन रोज केले तरी चालेल, पण निष्कर्ष काढायचा तो आठवड्याच्या सरासरीवरून.

मनोनिग्रहाच्या आरोपाचे उत्तर मात्र शरीरशास्त्राकडेही आहे. वजन उतरले की पोट भरल्याचा संकेत देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते, तेव्हा त्यांचे मन अन्नाभोवतीच फिरू लागले आणि त्यांतील काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. तेव्हा कडक आहारानंतर दिवसभर खाण्याचेच विचार येत असतील, तर ते उपासमारीचे लक्षण आहे, हे मी प्रत्येकाला सांगते. या गृहस्थांच्या मागच्या तिन्ही योजना तशाच कडक होत्या.

त्यांना ७० किलोवर यायचे होते. या आकड्यावरून आमचा बराच वाद झाला, कारण तो त्यांच्या महाविद्यालयीन दिवसांतला होता आणि तो सोडणे त्यांना हार मानण्यासारखे वाटत होते. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी रक्तदाब, शर्करा आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) यांत सुधारणा दिसू लागते, हे डॉक्टरांनीही सांगितल्यावर ते नाइलाजाने राजी झाले. व्यायामाचे फारसे सांगावे लागले नाही. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे त्यांनी आपणहून सुरू केले. झोपेचा प्रश्न अधिक चिवट निघाला, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते हे पटूनही रात्रीचे जागरण सुटता सुटत नव्हते.

दीड वर्षानंतर त्यांचे वजन ९४ किलोच्या आसपास स्थिरावले आहे. मध्ये ते दोनदा तीन किलोंनी वाढले, पण ती पाने कोरी राहिली नाहीत.

अलीकडे त्यांनी वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांविषयी विचारले, तेही थोडे ओशाळून. औषध घेणे म्हणजे मनाचा पराभव, हा त्याच जुन्या खटल्याचा पुढचा भाग असल्याचे मी त्यांना सांगितले. या औषधांनी भूक खरोखरच कमी होते. मात्र त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका चाचणीत उपचार थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते. त्यामुळे औषध किती काळ घ्यावे लागेल, खर्च झेपेल का आणि दुष्परिणामांवर लक्ष कोण ठेवणार, हे तीन प्रश्न लिहून घेऊन ते पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटणार आहेत.