७५४२ छापलेला जुना कच्चा पु-एर चहाचा केक (दाबून केलेली चकती) मिळतोय. विक्रेता १९७५चा म्हणतो. ठाण्यात राहतो, प्यायचा आहे आणि जपायचाही. घ्यावा का?

७५४२ हे उत्पादनाचं साल नव्हे. ७५ म्हणजे ते मिश्रण ठरलं ते वर्ष, ४ ही पानांची प्रत आणि २ हा चीनच्या युन्नान प्रांतातल्या मंगहाई कारखान्याचा क्रमांक. हाच आकडा कालपरवाच्या केकवरही असतो. या आकड्यावरून विक्रेता १९७५ सांगत असेल, तर मला तिथेच शंका येते.

वेष्टन नवं छापता येतं, केकमध्ये दाबलेली चिठ्ठीही नकली असू शकते. म्हणून आधी त्याच केकचे दहा-पंधरा ग्रॅम विकत मागा. नाही म्हणाला तर विषय सोडा.

नमुना आला की शंभर मिलीच्या झाकणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम घ्या, उकळतं पाणी ओता आणि पहिलं पाणी फेकून द्या. पुढची पाणी काही सेकंदांतच गाळायची. दूध-साखर अजिबात नको. जुन्या कच्च्या चहाचा रंग तांबूस आणि नितळ येतो, घोट गेल्यावर घशात गोडवा उतरतो, कधी कापराचा गंध येतो. मग पान बोटांनी उलगडून बघा. मऊ, तपकिरी आणि लवचिक हवं. काळं, कडक किंवा लगदा झालेलं असेल, तर एक तर तो फार ओलसर जागी राहिलाय किंवा मुळात कच्चाच नाही. १९७३ साली युन्नानमधल्याच कुनमिंगच्या कारखान्यात ओल्या ढिगात चहा लवकर मुरवायची पद्धत बसवली गेली. त्या पद्धतीचा पक्का चहा पुष्कळदा ‘जुना कच्चा’ म्हणून खपवला जातो. चार पाण्यांनंतरही कुबट वास राहिला, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

वयापेक्षा साठवण महत्त्वाची, हे मला अगदी मनापासून वाटतं. कच्चा चहा कढईत बेताचाच भाजून उन्हात वाळवतात, म्हणून तो पुढे वर्षानुवर्षं बदलत राहतो. हाँगकाँगच्या दमट हवेत लवकर, कुनमिंगच्या कोरड्या हवेत सावकाश. संग्राहकांचा लाडका ‘८८ छिंग’ हाही १९९०च्या आसपासचा ७५४२च. हाँगकाँगमध्ये कोरड्या जागी जपला म्हणून तो नावारूपाला आला. आज तो लाखांत जातो.

पहिल्याच खरेदीत एवढी जोखीम घेऊ नका. खात्रीच्या ठिकाणचा, दहा-पंधरा वर्षांचा ३५७ ग्रॅमचा केक घ्या. जमलं तर दोन, एक फोडायला आणि एक ठेवायला.

ठाण्याचा पावसाळा मात्र या चहाला सोसत नाही. आर्द्रता साठ ते सत्तर टक्के राहील असं बघा. जूनपूर्वीच केक जाड, हवाबंद पिशवीत बंद करा, आत आर्द्रता राखणारी पुडी आणि छोटा मापक ठेवा. फ्रिज नको. मसाल्यांचं कपाट, डांबरगोळ्या आणि देवघरातल्या उदबत्तीपासून लांब ठेवा, कारण हा चहा आजूबाजूचे वास पटकन ओढून घेतो.