उंची 80 टक्के आनुवंशिक, मग आहाराच्या वाट्याला काय उरलं?

तुमचे प्रश्न तीन आहेत: सख्ख्या भावंडांत इतका फरक का पडतो, उंची 80 टक्के आनुवंशिक असेल तर खाण्यापिण्याने जेमतेम 20 टक्केच फरक पडतो का, आणि जनुकांची तपासणी करून मुलाची उंची आधी कळेल का. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या 80 टक्क्यांचा अर्थ बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगितला जातो आणि आईवडील उगाच हताश होतात.

तो आकडा एका माणसाच्या उंचीचा नाहीच. 170 सेंटिमीटरपैकी 136 जनुकांनी दिले आणि 34 आहाराने, असा हिशोब होत नाही. तो आकडा एका विशिष्ट समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो. जिथे बहुतेक मुलांना पोटभर आणि चांगलं खायला मिळतं, तिथे आहारातला फरकच कमी असतो, त्यामुळे उंचीतला उरलेला फरक मुख्यतः जनुकांचा दिसतो. त्याच समाजात निम्मी मुलं अर्धपोटी राहू लागली तर हे प्रमाण बदलेल, एकाचंही जनुक न बदलता.

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दाखवली ती डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी, घेवड्याच्या बियांवर. घेवड्यात स्वपरागण होतं, म्हणून एका बीपासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या वाणात सगळी झाडं जनुकांच्या दृष्टीने जवळपास सारखी असतात. त्यांनी असे 19 शुद्ध वाण घेतले. एकाच वाणातही काही बिया जड भरत, काही हलक्या. मग त्यांनी जड बिया वेगळ्या पेरल्या, हलक्या वेगळ्या. दोन्हींच्या पुढच्या पिढीचं सरासरी वजन सारखंच आलं! वाणाच्या आतला फरक कुठल्या शेंगेत बी भरलं, झाडाला किती पाणी-ऊन मिळालं यातून आलेला होता, तो पुढे उतरला नाही. वेगवेगळ्या वाणांच्या सरासरीतला फरक मात्र टिकून राहिला. हे काम 1903 साली प्रसिद्ध झालं आणि 1909 मध्ये ‘जीन’ हा शब्दही त्यांनीच रूढ केला. माझ्या मते शाळेत मेंडेलच्या वाटाण्याइतकंच महत्त्व या घेवड्याला मिळायला हवं.

आता आहाराचं बोलू. दक्षिण कोरियात 1896 साली जन्मलेल्या स्त्रिया आणि 1996 साली जन्मलेल्या स्त्रिया यांच्या सरासरी उंचीत सुमारे 20 सेंटिमीटरचा फरक आहे. शंभर वर्षांत एखाद्या समाजाची जनुकं एवढी बदलत नाहीत. बदललं ते अन्न, बालपणातले आजार, स्वच्छता. म्हणजे एखादा गुण एका पिढीत पाहिला तर मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो, आणि तरीही परिस्थितीने सगळ्यांसाठी मिळून भरपूर हलू शकतो.

बऱ्याचदा तर जनुक आणि परिस्थिती यांचे वाटे वेगळे काढताच येत नाहीत. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार घ्या. एका जनुकातल्या दोषामुळे प्रथिनांमधल्या फिनाइलअ‍ॅलॅनिन या घटकाचं रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) नीट बनत नाही, ते रसायन रक्तात साठतं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करतं. पण जन्मानंतर लगेच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन निदान झालं आणि फिनाइलअ‍ॅलॅनिन अगदी कमी असलेला आहार सुरू करून तो पाळला, तर मुलाची बुद्धी सर्वसाधारणपणे इतर मुलांसारखी वाढते. जनुक तेच, आहार बदलला. मग इजा जनुकामुळे होते की आहारामुळे? दोन्ही एकत्र आल्यामुळे. यातली टक्केवारी काढत बसण्याला काही अर्थ नाही.

वनस्पतींमध्ये तर जागा बदलली की कोणतं रोप सरस हा क्रमही उलटसुलट होतो. 1940 च्या दशकात कॅलिफोर्नियात क्लॉसन, केक आणि हीसी या शास्त्रज्ञांनी यॅरो या रानफुलाच्या प्रत्येक रोपाचे तुकडे करून ते तीन उंचींवर लावले: समुद्रसपाटीजवळ, सुमारे 1400 मीटरवर आणि 3000 मीटरच्या आसपास. खाली इतरांपेक्षा जोमाने वाढलेलं रोप मधल्या उंचीवर मागे पडलं. ‘चांगलं वाण’ म्हटलं की मी म्हणूनच आधी विचारतो, कुठे चांगलं?

भावंडांचं उत्तर सोपं आहे. अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना, गुणसूत्रांच्या 23 जोड्यांपैकी प्रत्येकातलं कुठलं गुणसूत्र पुढे जाणार हे स्वतंत्रपणे ठरतं, म्हणजे एका पालकाकडून सुमारे 84 लाख प्रकारचे संच निघू शकतात. शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि प्रत्येक बाळात काही नवी उत्परिवर्तनंही असतात. एकाच घरात वाढूनही जन्मक्रम, आजारपणं, गर्भातली परिस्थिती वेगळी असतेच.

आणखी एक कारण लोक विसरतात, ते म्हणजे योगायोग. संगमरवरी नक्षीचा एक क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) आहे. त्याच्यात सगळ्या माद्या असतात आणि त्या नराविना स्वतःच्या प्रती जन्माला घालतात. जनुकं सारखी, टाकी एक, खाद्य एक, तरीही पिलांचा आकार आणि नक्षी वेगळी निघते. वाढीच्या वेळी पेशींत होणाऱ्या बारीकसारीक घडामोडी दरवेळी तंतोतंत सारख्या होत नाहीत.

राहिली तपासणी. 2022 साली सुमारे 54 लाख लोकांच्या माहितीतून उंचीशी निगडित 12,111 जनुकीय फरक सापडले. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांवरून उंचीतल्या फरकाचा साधारण 40 टक्के भाग समजावता येतो. इतर वंशांत बराच कमी, कारण त्यांची माहिती अभ्यासात थोडीच होती. एवढ्यावरून तुमच्या मुलाच्या उंचीचा नेमका आकडा निघत नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे ठरावीक अंतराने उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंद ठेवा. मूल बुटकं असूनही आपल्या रेषेला धरून वाढत असेल तर सहसा काळजी नसते. रेषा सोडून खाली घसरू लागलं, तर मात्र थांबू नका. कुपोषण, थायरॉइड, आतड्यांचे विकार अशी उपचार होण्याजोगी कारणं तेव्हा शोधावी लागतात.