मंगळावर चेहरा आणि प्लूटोवर हृदय का दिसतं?

तुम्ही विचारलंय की मंगळावर माणसाचा चेहरा, प्लूटोवर हृदय, चंद्रावर झोपडी असं ओळखीचंच का दिसतं, आणि त्यामागे खरंच काही असतं का. उत्तर बरंचसं आपल्या डोक्यात आहे आणि थोडं कॅमेऱ्यात.

चेहरा ओळखायला मेंदूत खास भाग आहे आणि तो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, आपण विचार करायच्या आधीच, कामाला लागतो. दोन काळे डाग आणि खाली आडवी रेघ एवढंही त्याला पुरतं. जन्मून काही तासच झालेली बाळंसुद्धा अशा मांडणीकडे जास्त वळून बघतात. समोरचा खरा चेहरा नजरेतून सुटला तर महागात पडू शकतं. नसलेला दिसला तर फारसं बिघडत नाही. म्हणून मेंदू ‘आहे’ म्हणायला उतावीळ असतो. याला पॅरिडोलिया म्हणतात. हा मेंदूतला दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आता मंगळाचा तो प्रसिद्ध फोटो बघा. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ यान पुढच्या यानासाठी उतरायची जागा शोधत असताना सायडोनिया भागात तो टिपला गेला. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे चाळीस-पन्नास मीटर, म्हणजे दोन-तीन किलोमीटरचा अख्खा डोंगर जेमतेम पन्नासेक ठिपक्यांत मावलेला. त्यात सूर्य क्षितिजाजवळ, त्यामुळे अर्धा डोंगर सावलीत आणि खळग्यांच्या जागी काळेभोर डोळे. फोटो मोठा करून नाकाखाली नीट बघा. तिथली ‘नाकपुडी’ मंगळावर नाहीच! फोटो पृथ्वीकडे पाठवताना थोडी माहिती गळाली आणि तिथे काळे ठिपके राहिले. त्यातलाच एक नेमका तिथे पडला.

नासाने काही लपवलं असं काही जण म्हणतात, पण ते मला पटत नाही. तो फोटो काही दिवसांतच त्यांनीच प्रसिद्ध केला, तोही हा सावल्यांमुळे होणारा भास आहे असं सांगून. पुढे मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने १९९८ आणि २००१ मध्ये त्याच डोंगराचे कितीतरी स्पष्ट फोटो काढले. जुना आणि नवा फोटो शेजारी लावून बघितले की नव्या फोटोत चेहरा शोधूनही सापडत नाही.

चंद्रावरच्या ‘झोपडी’चंही तेच. २०२१ च्या अखेरीस चीनच्या युतू-२ रोव्हरला, म्हणजे चंद्रावर फिरणाऱ्या गाडीला, दूरवर चौकोनी काहीतरी दिसलं. रोव्हर जवळ गेला, तर तो लहानसा खडक.

प्लूटोची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते. न्यू होरायझन्स यानाने २०१५ मध्ये जवळून फोटो काढले तेव्हा तो हृदयाचा आकार विरला नाही, उलट ठळक झाला. पण त्याचे दोन भाग एकसारखे नाहीत. डावीकडे खोल खळग्यात साठलेल्या नायट्रोजनच्या बर्फाचं सुमारे हजार किलोमीटर रुंद मैदान आहे, उजवीकडे उंचसखल प्रदेश आणि त्यावर बर्फाचा थर. दोन्ही उजळ म्हणून आपली नजर ते जोडते.

तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो आला की त्याच जागेचा वेगळ्या वेळी, वेगळ्या उन्हात काढलेला दुसरा फोटो शोधा. सायडोनियात तो ‘चेहरा’ एकटा नाही. आजूबाजूला तसेच झिजलेले, सपाट माथ्याचे बरेच डोंगर आहेत. दक्षिणेचा उंच प्रदेश उत्तरेच्या सखल मैदानांना जिथे भेटतो तिथे ते उभे आहेत, आणि ती सीमा मुळात तयार कशी झाली यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.