‘गंज’ नव्हे, ‘खवले’ तर नव्हेच

कुडाळहून एका फॅब्रिकेशनवाल्यांनी विचारलंय: हॉट रोल्ड, म्हणजे लाल तापवून रोलांखाली दाबून काढलेल्या पत्र्यावर निळसर-काळा थर येतो, कोटेशनात त्याला ‘गंज’ लिहावं की ‘खवले’?

दोन्ही नको. गंजाला ओल लागते. पावसाळ्यात आपल्या गेटांना चढतो तो गंज. हा थर लालभडक तापलेल्या लोखंडाला हवा लागून धरतो. त्याला ‘काळा गंज’ म्हटलेलं ऐकलं की डोकं उठतं. ‘खवले’ म्हणजे इंग्रजी ‘स्केल’ची नक्कल, आणि काही परिभाषाकार त्यालाच ‘शल्क’ म्हणून सोवळं नेसवतात. त्यांनी एकदा तांबोशी मासळी साफ करून पाहावी! खवला माशाचं चिलखत असतो. हा थर लोखंडाला राखत नाही, उलट नडतो. रोलखाली जाण्याआधी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने उडवला नाही, तर तो पत्र्यात दाबला जातो आणि पुढे ॲसिडने धुतल्यावर तिथे खड्डे उरतात. त्याच्यावरच रंग मारलात तर भेगांतून खारी हवा शिरते, खालचं लोखंड झिजतं आणि रंग थरासकट सुटून येतो.

याला आपला शब्द आहे: किट्ट. संस्कृतात ‘किट्ट’ म्हणजे मळ. आयुर्वेदात पचलेल्या अन्नाचे दोन भाग, सार आणि किट्ट. लोखंड तापवून ठोकताना सुटतो तो मळ लोहकिट्ट, त्यालाच मंडूर म्हणतात. रसशास्त्राने, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंपासून औषधं करण्याच्या शास्त्राने, तर औषधाला शंभर वर्षं जुनं किट्ट उत्तम, ऐंशीचं मध्यम आणि साठचं हलकं, अशी प्रतवारीच लावून ठेवली आहे. चुलीवरच्या टोपाला चढतं ते किटण याच घरातलं. आणि ‘काळाकिट्ट’! कोशवाले त्यातल्या ‘किट्ट’ला नुसता जोर देणारा नादशब्द समजतात. मला ते मुळीच मान्य नाही. लोहाराच्या ऐरणीभोवती पडलेल्या पापुद्र्यांचा रंग ज्याने पाहिलाय, त्याला ‘काळाकिट्ट’ म्हणजे किट्टासारखा काळा, हे सांगावं लागत नाही. ‘काळाकुट्ट’ हे त्याचंच मागाहून झालेलं रूप, असं माझं ठाम मत आहे. ‘कुट्ट’ला स्वतःचा अर्थ काय, ते कोणी दाखवावं.

कोटेशनात लिहा: ‘किट्ट काढून प्रायमर’. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर त्याला टोपाचं बूड दाखवा.