‘लिहिताना तू उंच वाटतोस’

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात एम.एस.साठी जर्मनीतल्या केम्निट्झला निघालास, तिथं ओळखीचं कुत्रंही नाही. चार महिने ज्यांच्याशी नेटवर गप्पा चालल्यात त्यांना मित्र धरायचं का? त्यातला एकजण ‘आपल्याकडचाच’ आहे आणि खोली देतो म्हणतोय. शिवाय सोलापूरची दोस्ती नुसत्या फोनवर टिकते का?

मी २०१९ पासून लाइपझिगला आहे, तुझ्या केम्निट्झपासून रेल्वेनं तासाभरावर. नेटवर मला एक मैत्रीण मिळाली आणि एक भामटाही मिळाला. भामट्यापासूनच सुरू करतो, कारण तुला घाई त्याची आहे.

मी यायच्या दोन महिने आधी एका ग्रुपवर मेसेज आला, ‘काय बे, सोलापूरचा का?’ त्या एका ‘बे’वर मी विरघळलो. गडी पार्क चौकातल्या संध्याकाळचं बोलायचा, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं बोलायचा, गड्ड्याच्या यात्रेचं बोलायचा. लाइपझिगमधली खोली आपल्याच ताब्यात आहे म्हणाला, फोटो पाठवले, ३५० युरो डिपॉझिट मागितलं, किल्ली कुरियरनं येईल म्हणाला. किल्ली यायचीच राहिली. इथं पोचल्यावर त्या पत्त्यावर गेलो तर इमारत होती, पण आत असली खोलीच नव्हती. तो खरंच सोलापूरचा होता की नाही, आजतागायत माहीत नाही. ‘आपला माणूस’ हे शब्द फुकट मिळतात रे, आणि परदेशात निघालेल्या पोराला त्याच शब्दांची सगळ्यात जास्त भूक असते.

तेव्हा व्यवहाराचं ऐकून ठेव. खोली बघितल्याशिवाय, म्हणजे स्वतः किंवा विश्वासातल्या कुणी दार उघडून आत जाऊन बघितल्याशिवाय, एक युरोही द्यायचा नाही. जर्मन कायद्यात डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ म्हणजे हीटिंग वगैरे सोडून. तेही तीन हप्त्यांत भरायचा तुला हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना. सगळं आधी द्या म्हणणाऱ्याला हा नियम सांग आणि काय उत्तर येतं ते बघ. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवतात त्या खात्यातून, तुझ्या हातात महिन्याला ९९२ युरो येणार. त्यातले साडेतीनशे असे गेले तर महिनाअखेर पास्ता आणि मीठ.

आता मैत्रिणीचं. जर्मनची परीक्षा मॅक्स म्युलर भवनात द्यायची म्हणून मी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचो. व्याकरण यायचं, बोलायची बोंब होती. म्हणून २०१७ मध्ये टँडम ॲपवर नाव घातलं: मी तुला माझी भाषा शिकवतो, तू मला तुझी शिकव. मिळाल्या लाइपझिगच्या एक निवृत्त शाळामास्तरीण बाई, वय पासष्टच्या पुढं. त्यांना हिंदी शिकायची होती आणि वाट्याला आली माझी सोलापुरी हिंदी. अजूनही बाई नको म्हणायचं असेल तर ‘नक्को’ म्हणतात, आणि हो म्हणायचं असेल तर ‘हौ’.

बुधवारी एक तास, रविवारी एक तास. आठ महिने आम्ही ‘झी’वर होतो, म्हणजे अहो-जाहोवर. इथं ‘डू’ म्हणजे अरे-तुरेवर यायचं तर ते वयानं मोठ्या माणसानं सुचवायचं असतं. एका बुधवारी त्यांनी रीतसर विचारलं, मी हो म्हटलं, आणि दोघंही पाच मिनिटं उगाच लाजत होतो. जर्मन माणूस ‘फ्रॉइंड’ हा शब्द जपून वापरतो. वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवणाऱ्याची ओळखही तो ‘बेकान्टर’ म्हणून करून देतो, म्हणजे नुसता ओळखीचा. आपल्याकडं चहाच्या टपरीवर दुसऱ्यांदा भेटला की तो ‘आपला दोस्त’. तुला इथं पहिले सहा महिने याचा राग येणार आहे, येऊ दे.

कॅन्सास विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे, नुकतंच गाव बदललेल्या माणसांवरचा. ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, खरा मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. कामावरचे तास त्यात फारसे उपयोगाचे नाहीत, एकमेकांसाठी मुद्दाम काढलेला वेळ लागतो. मी बोटं मोजली. आठवड्याला दोन तास, दोन वर्षं, म्हणजे २०० च्या आसपास. चार महिने रोज ‘गुड मॉर्निंग’ पाठवणाऱ्याबरोबर तुझे किती झाले, मोजून बघ.

पण नुसत्या तासांवर मी जाणार नाही, भामट्यानंही पुष्कळ तास दिले होते. मैत्री खरी की खोटी हे मला कळलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. खोलीचे फोटो मी बाईंना कौतुकानं दाखवले होते. त्यांनी लिहिलं, ‘ज्यानं दार उघडून दाखवलं नाही त्याला पैसे देऊ नकोस.’ मी चिडलो. आमच्याकडं माणसावर विश्वास ठेवतात, असं काहीतरी दीडशहाणं उत्तर दिलं आणि एक बुधवार चुकवला. भामटा मात्र कधीच वावगं बोलला नव्हता. मी म्हणेन ते बरोबर, हसण्याचे इमोजी, भावा भावा. दोघांत मला राग यावा असं बोलायची तयारी एकाच माणसाची होती.

पैसे बुडाल्यावर बाईंना सांगायची लाज वाटली. सांगितलं शेवटी. मला वाटलं, आता म्हणतील ये माझ्या घरी राहायला. तसं काही म्हणाल्या नाहीत. इथं तसं म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मी हॉस्टेलात बसून फोन कानाला लावला, त्या त्यांच्या घरून जाहिराती बघून एकेक नंबर फिरवत होत्या, दोन तास. सहाव्या की सातव्या फोनला पोटभाड्याची खोली लागली, तीही बघून घेतली.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष भेट म्हणजे सोहळाच व्हायला हवा होता, नाही का? मुख्य स्टेशनातल्या कॅफेत भेटलो. मी सोलापुरी चादर आणि शेंगा चटणीचं पाकीट घेऊन. गर्दीच्या आवाजात त्यांची सॅक्सन बोली मला निम्मी कळेना, माझं जर्मन घशात अडकलेलं. पाऊण तास हवापाण्यावर काढला आणि सुटलो बुवा म्हणून निघालो. रात्री त्यांचा मेसेज: ‘लिहिताना तू उंच वाटतोस.’ मी पाच फूट चार इंच. खूप हसलो, आणि मग वाटलं की आपण लिहितो ते आणि आपण बसतो ते, ही दोन माणसं आहेत. दोन्ही खरी, पण त्यांची ओळख वेगवेगळी करून घ्यावी लागते.

ती ओळख झाली बागेत. या शहराच्या वाड्या-बागांची परंपरा जुनी, ज्याच्यावरून या बागांना नाव पडलं तो पहिला श्रेबर संघ १८६४ मध्ये लाइपझिगलाच निघाला. शहरातल्या लोकांनी छोटा तुकडा खंडानं घ्यायचा, कायद्यानं ४०० चौरस मीटरपर्यंत, आणि भाजीपाला लावायचा. बाईंचा असा एक तुकडा आहे. समोरासमोर बसलं की आम्ही गप्प, पण शेजारी शेजारी वाकून गवत उपटायला लागलं की दोघंही सुटतो. आता एका वाफ्यात मेथी असते. चटणी त्या लोणी लावलेल्या पावावर पसरून खातात. चादर बाकड्यावर घालतात, मला ते बघवत नाही, पण मी बोलत नाही.

सोलापूरच्या मित्रांचं सांगायचं तर जरा कडू आहे. आम्ही सहाजण होतो. इथल्या हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे सातरस्त्याला रात्री नऊला कट्टा भरला की थंडीत माझे साडेचार, मी कामावर. मी सातला मोकळा होतो तेव्हा तिकडं साडेअकरा. पहिल्या थंडीत मी हे गणित जमवायला सगळे शनिवार-रविवार खोलीत फोनसमोर काढले. शरीर लाइपझिगला, कान सातरस्त्याला. शेजारच्या खोलीतल्या पोराचं नाव मला मार्चमध्ये कळलं. जुने मित्र फोनवर टिकतात, पण त्यांच्या आडोशाला लपून राहता येतं, हा धोका कुणी सांगत नाही. तू रोज ज्या भय्या चौकातून जातोस तिथले डॉ. कोटणीस आठव. १९३८ ला चीनला गेले, चिनी शिकले, तिथंच संसार मांडला, १९४२ ला तिथंच गेले. एवढं करायला तुला कुणी सांगत नाही, पण भाषा तरी शीक.

सहातले पाच आता फॉरवर्डवर आहेत, वाढदिवसाला केक पाठवतात. उरला एक. दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या वेळी तो फोन लावून बाराबंदीच्या, म्हणजे यात्रेतल्या पांढऱ्या अंगरख्याच्या, खिशात टाकतो. बोलत नाही, बोलता येतच नाही. मला कापडाची खरखर ऐकू येते, हलग्या, मग संमती कट्ट्यावरून ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’, आणि नंतर एवढ्या माणसांत नेटवर्क बसतं. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, मला दिसत नाहीत, पण काठीला बांधलेल्या कशाची तरी किणकिण यायची ती येते. पुढचे दोन महिने आम्ही एकमेकांशी काहीच बोललो नाही तरी चालतं.

बाकी बँक, विमा, सिमकार्ड हे सगळं विद्यापीठ सांगेल. केम्निट्झच्या त्या खोलीचा पत्ता मात्र मला पाठव. येत्या शनिवारी मी मोकळा आहे, जाऊन दार उघडून बघतो आणि व्हिडिओ कॉल करतो. तुझा दोस्त खरा असेल तर पत्ता द्यायला कुरकुर करणार नाही. आणि हो, मीही तुला अजून फक्त अक्षरांतूनच माहीत आहे. तेव्हा तिकिटाचे वगैरे पैसे मलाही पाठवायचे नाहीत.